अर्धा झगा

पप्पा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, पण त्या कोटावरून तुमच्याशी असलेलं माझं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि मला ते मिटवायचंही नाही.

कतारला, दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आपल्या फ्लॅटमधल्या कपाटाच्या दाराला तुम्ही आतून ते चित्र चिकटवलं होतं. साइटवरच्या इटालियन इंजिनियरनं जाताना दिलेलं, चारशे वर्षांपूर्वीचं कोरीव चित्र: घोड्यावरचा संत तलवारीनं आपला झगा कापून उघड्या भिकाऱ्याला देतोय. दोह्यात तेव्हा चर्च नव्हतं. सुट्टी शुक्रवारची, म्हणून आपला रविवारही शुक्रवारीच. वसईची चार घरं जमली की तुम्ही कपाट उघडायचात आणि प्रार्थना सुरू व्हायची. नंतर भिंग देऊन मला म्हणायचात, "बघ, तांब्याच्या पत्र्यावर कोरून मग कागदावर छापलंय. सावलीसुद्धा नुसत्या रेघांची." तेव्हा तुम्ही मला फार आवडायचात.

एकोणऐंशीचा जानेवारी. प्रार्थना संपलीय, मंडळींना सोडायला तुम्ही खाली गेलाय. दारात तुमच्या हाताखालचा, मजुरांच्या कॅम्पात राहणारा साताऱ्याचा गवंडी, तापानं फणफणलेला, अंगात पातळ शर्ट. "ताई, फोरमनसायेब हायत का? कॅम्पात लई गारठा हाय. एखादं पांघरूण मिळंल का?" मी कपाट उघडते, संताकडे बघते आणि तुमचा लग्नातला काळा कोट त्याच्या अंगावर घालते. जिन्यात तो तुम्हाला तुमच्याच कोटात भेटला.

"उद्या अख्खा कॅम्प दाराशी येईल! कंपनीला कळलं तर नोकरी खलास!" तुम्ही ओरडलात. मी चित्राकडे बोट दाखवलं. "नीट बघ," तुम्ही म्हणालात, "संतानंही अर्धाच दिला. अर्धा स्वतःला ठेवला." दुसऱ्या दिवशी साइटवर तुम्ही त्याच्या अंगातून कोट काढून घेतलात. आठवड्याभरात कंपनीनं त्याला आजारी म्हणून गावी धाडलं. पुढे त्याचं काय झालं, कुणास ठाऊक.

त्यानंतर एकाही शुक्रवारी मी त्या कपाटापुढे उभी राहिले नाही. तुम्ही हट्टी म्हणालात. आहेच मी हट्टी. नोकरीची भीती मला आता कळते, पण ताप आलेल्या माणसाच्या अंगावरचा कोट काढणं तेव्हाही चूक होतं आणि आजही चूकच आहे. उद्या कुणी दारात आला तर मी पुन्हा तेच करीन.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. त्याच कपाटात, खालच्या खणात, माझं नवंकोरं ब्लँकेट होतं. त्यानं पांघरूणच मागितलं होतं. माझा हात आधी त्यावरच गेला होता.