उजवीकडची जागा

इंदापूर, ६ जाने. १९५६
शाळेत पुन्हा रुजू. दिवाळीआधी पुण्याला उजवा स्तन काढला. पोलक्यात कापसाची गादी शिवली आहे, पण फळ्यावर लिहायला हात उचलला की ती गळ्यापाशी चढते. म्हणून खालच्या अर्ध्या फळ्यावरच लिहिते. मागच्या बाकावरच्या मुली माना उंचावतात. उंचावू देत.

९ जाने.
इस्पितळातली शेजारच्या खाटेवरची नवी नवरी आठवते. तिच्या नवऱ्याला डॉ. समजावत होते, पोटाची कातडी वर आणून नवी छाती करता येते. मी कान देऊन ऐकलं. मला कुणी विचारलंच नाही. विधवेला काय करायचीय, असंच ना? संताप होतो. मग रडू.

पुणे, १७ जाने.
तपासणी. नवी गाठ नाही. निघताना धीर केला, "ते माझ्यावर होईल?"
डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम्हाला हवंय?"
हो म्हटलं. मग त्यांनी सांगितलं. पोटाच्या कातडीची गुंडाळी करायची, ट्रंकेच्या कडीसारखी, दोन्ही टोकं पोटालाच. ती जगली की एकेक टोक सोडवत छातीपर्यंत न्यायची. तीन-चार ऑप., निदान सहा महिने. व्रण राहणार. कधी कातडी काळी पडते, सगळं फुकट. नाहीतर गादी आहेच.
"जवळ घरचं बाईमाणूस हवं."
घरचं! खोलीत मी आणि स्टोव्ह.

बारामती, २२ जाने.
थोरल्या भावाला, आप्पांना, सांगितलं. वांग्यांच्या पाट्या भरत होते. "आता कुणाला दावायचंय तुला?" एवढंच बोलले.
मला बघायचंय, आप्पा. अंघोळीच्या वेळी. पण तोंडातून निघालं नाही.

२३ जाने.
सकाळी चुलीपाशी वहिनी म्हणाली, "वन्सं, दावा बरं."
डॉ. सोडून कुणी पाहिलं नव्हतं. पोलकं सोडलं. तिनं ओला हात पदराला पुसला आणि व्रणावर ठेवला. मी मोठ्यांदा रडले. किती दिवसांनी कुणी हात लावला.
मग गुंडाळीचं सगळं सांगितलं. ती माझ्या पोटाकडं बघत राहिली.
"तुमचं प्वाट खपाटीला गेलंय. कातडं कुठनं काढणार? माझं घ्या म्हणावं डाक्टरला. चार बाळंतपणांचं सैल हाय."
दुसऱ्याची कातडी धरत नाही, डॉ. म्हणाले होते. तिला सांगितलं नाही. "पुण्याला याल माझ्याबरोबर?" एवढंच विचारलं.
"मी आज निगंन. पर ह्यास्नी इचाराय लागंल."
दिवेलागण झाली. आप्पा अजून मळ्यातून आलेले नाहीत.