भिंतीतलं केसाएवढं पाणी

इस्लामपूर,
१७ मार्च २०२४

अहो,

नमस्कार. तिकडची थंडी थोडी तरी उतरली असेल. इकडे ऊन तापायला लागलंय. ऊस कारखान्याला गेला, खोडव्याला पाणीही देऊन झालं. म्हैस व्यायली, रेडी झाली.

फोनवर मी प्रत्येक वेळी ‘सगळं ठीक’ म्हणत होते. तुम्ही आईंना फोन द्यायला सांगितलंत, की झोपल्यात, देवळात गेल्यात, रानात गेल्यात, असं काहीबाही सांगायचे. त्यातलं रानात गेल्यात एवढंच खरं होतं. आई आपल्या उसाच्या रानातल्या खोलीवर राहायला गेल्या होत्या.

भांडण झालं नव्हतं. दिवाळीनंतर त्यांना खोकला लागला. पुढं धाप लागू लागली. छातीतली घरघर स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायची. डॉक्टरांनी दमा म्हणून तोंडात ओढायचा पंप दिला. त्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. मग एक दिवस त्या आपणहून म्हणाल्या, “मला रानात न्हेऊन सोड. हितं छातीवर धोंडा बसतो.”

मी सोडलं. आणि बाजारात आपल्या गल्लीतल्या साळूबाई मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, “ल्योक शिमेवर, अन् सुनेनं सासूला रानात घातली.” तशीच घरी आले. त्या दिवशी जेवले नाही. आईंना कुणीतरी ते सांगितलं. मी डबा घेऊन गेले तर म्हणाल्या, “रडतीस कशाला? हितं मला गाढ झोप लागती. घरात पाय ठेवला की धाप. दोष तुझ्यात न्हाई पोरी, घरात कायतरी हाय. बघ जरा.”

काय बघायचं ते मला कळेना. त्यांच्या खोलीत जाऊन नुसती उभी राहिले. भिजक्या गोणपाटासारखा वास येत होता. आधीही यायचा, पण रोज त्यातच वावरून मला तो जाणवेनासा झाला होता. लोखंडी कपाटातली लुगडी काढली, तर घड्यांवर पांढुरकी बुरशी. मग जाऊबाईंना बोलावलं आणि दोघींनी मिळून ते कपाट ओढलं.

अहो, ती भिंत मी विसरणार नाही. जमिनीपासून माझ्या खांद्यापर्यंत काळी झाली होती. जवळून पाहिलं तर नुसती काळीही नाही. हिरव्या, करड्या गोल चकत्या, एकीतून दुसरी उगवलेली, वर मखमलीसारखी लव. कुणी मन लावून नक्षी काढावी तशी. आईंच्या उशाशी हे इतके दिवस गुपचूप वाढत होतं, आणि त्या तीच हवा आत घेत होत्या.

पलीकडं आपलं न्हाणीघर. नळवाल्या बिराप्पाला बोलावलं. त्यानं घरातले सगळे नळ बंद करून टाकीत पाण्याच्या पातळीला खूण केली. दुपारपर्यंत पाणी खुणेखाली गेलं होतं. तुम्ही सुट्टीत हौसेनं बसवून घेतलेल्या निळ्या फरशा फोडायला मी सांगितल्या. तुम्हाला विचारलं नाही.

आत पाइपाच्या वळणावर पाणी चमकत होतं. धार म्हणावी अशीही नव्हती.

“एवढंच?” मी म्हणाले.

“एवढंच, वयनी. केसागत. पर त्ये थांबत न्हाई.”

मी कितीतरी वेळ ते पाणी बघत बसले. ना आवाज, ना जमिनीवर थेंब. सगळं भिंत पीत होती. आणि त्यापायी एक माणूस जायची वेळ आली होती.

हो, जायची वेळ. आता लिहितेच. रानात जाण्याआधी आईंना दवाखान्यात ठेवलं होतं. ऑक्सिजन लावला होता. नखं निळी पडली होती. तुम्हाला कळवायचं म्हणून मी फोन हातात घेतला, तर त्यांनी नळीआडून मान हलवली. तिकडं तुमचं चित्त ढळू नये म्हणून. मी ऐकलं आणि फोन ठेवून दिला.

पाइप बदलला. तोंड बांधून भिंतीचा गिलावा विटांपर्यंत खरवडून काढला. विटा खडखडीत वाळेपर्यंत पुन्हा गिलावा करू दिला नाही. न्हाणीघराला हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. कपाट आता भिंतीपासून हातभर लांब असतं. अधूनमधून नळ बंद ठेवून टाकीची खूण बघते, आणि कुठंही ओल दिसली की आधी तिथं हात लावते.

परवा आई घरी आल्या. डॉक्टरांनी पंप जवळ ठेवायला सांगितलाय, पण आल्यापासून तो लागला नाही. सकाळी त्यांनी चहा बशीत ओतला आणि फुंकर घातली. चहावर वलयं उठली, बशीच्या काठापर्यंत गेली. मी हातातलं काम टाकून बघतच राहिले. फुंकर घालायला छातीत किती हवा लागते, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

“काय बघतीस?” त्या म्हणाल्या.

“काही नाही.”

“वीरधवलला समदं लिव्ह आता. मी जित्ती हाय, आता लिव्हायला काय हरकत?”

म्हणून हे पत्र. रागावायचं असेल तर जरूर रागवा. आई शेजारच्या खोलीत झोपल्यात. दार उघडंच आहे. मी कान देऊन ऐकतेय, आणि त्यांचा श्वास ऐकू येत नाही. उठून पाहून आले. पदर संथ वरखाली होतोय.

आता तुमच्यापासून काहीही न लपवणारी,
संयोगिता