उरलं म्हणजे लागलं नाही

चि. सौ. चिंगीस,

थोरल्या भावाचे तुला आणि तुझ्या सगळ्या गोतावळ्याला भरभरून आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे ते आधी कळव. मागच्या पत्रात तू नुसतं "बरा आहे" एवढंच लिहिलंस, आणि तू कशालाही बरं म्हणालीस की मला धास्ती वाटते. मेहुण्यांची साखर उतरली का, की अजून ते डॉक्टरांपुढे एक आणि फडताळापुढे एक असे वागतात? सूनबाईचा खोकला थांबला का? नातीचा पुढचा दात आला का? (पडलेला दात तिने मला पाकिटातून पाठवला होता. मी जपून ठेवलाय, परत हवा असेल तर तसं कळव.) तुमची ती रागीट मांजर माणसात आली का? आमच्याकडे सगळं क्षेम आहे. म्हणजे मी ठणठणीत आहे, आणि आमच्या बाईसाहेब, तुझी लाडकी भाची, गेले नऊ दिवस माझ्याशी बोलत नाहीत. तू म्हणशील, आता काय करून ठेवलंस. काहीही केलं नाही, आणि नेमका हाच माझ्यावर आरोप आहे.

गेल्या वर्षी बाईसाहेबांना सरकारचा दिव्यांग आधार निधी मंजूर झाला, हे तुला ठाऊकच आहे. तिला अंथरुणातून उचलायचं, अंघोळीला बसवायचं, चाकांच्या खुर्चीत घालायचं, हे सगळं एकतीस वर्षं घरातच चाललंय. तुझी वहिनी होती तोवर दोघं मिळून करायचो, ती गेल्यापासून मी एकटा. आता सरकार म्हणालं, आठवड्याला पंधरा तास मदतनीस बाई ठेवा, पगार आम्ही देतो. सोबत चौसष्ट पानांची पुस्तिका आली. माझी शाळा सातवीत सुटली, पण शिलाई मशीन दुरुस्तीचं सगळं काम मी पुस्तकातली चित्रं बघूनच शिकलो, त्यामुळे छापील कागदाला मी भीत नाही. पुस्तिका तीनदा वाचली, लाल पेन्सिल घेऊन. पहिल्या खेपेला काही कळलं नाही. दुसऱ्या खेपेला कळलं की निधीचे तीन कप्पे आहेत, एक मदतनिसाचा, एक साधनांचा, एक येण्याजाण्याचा, आणि एकातलं दुसऱ्यात घालायचं नाही. (खुर्चीचं चाक मोडलं तर नवी खुर्ची मिळते, पण चाक मिळत नाही. नवं चाक साधनात धरायचं की येण्याजाण्यात, हे त्यांचं त्यांनाच अजून ठरलेलं नाही.) तिसऱ्या खेपेला मात्र एक वाक्य लख्ख डोक्यात शिरलं. खर्च वाजवी आणि गरजेपुरता असावा. चिंगे, मी ते वाक्य कागदावर उतरवून भिंतीला लावलं. सरकारात असं बोलणारा कोणी असेल असं मला वाटलं नव्हतं.

मग मी वर्षभर वाजवीपणा केला. खुर्चीचं चाक मी मशीनच्या जुन्या चाकातलं बेअरिंग घालून चालतं केलं, फुकटात. येण्याजाण्याला रिक्षा म्हणून घेतली नाही. बाईसाहेबांना ग्रंथालयात, दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे मी ढकलत नेलं आणि ढकलत आणलं. (चढावर ती म्हणायची, "बाबा, रिक्षा," आणि मी म्हणायचो, आलंच की. बोलायला दम उरत नसे म्हणून एवढंच म्हणायचो.) राहिली मदतनीस. ती आली, फार गुणी बाई, इस्पितळात कामाचा अनुभव असलेली. आता मला सांग, सकाळी साडेसहाला परकी बाई आपल्या दारात उभी राहिल्यावर तिला आल्या आल्या कामाला कसं लावायचं? मी तिला बसवायचो, चहा द्यायचो, तिच्या सासूची चौकशी करायचो, आणि ती चहा पिते आहे तोवर बाईसाहेबांचं सगळं मीच उरकून टाकायचो. तीन महिन्यांत त्या बाईने वर्तमानपत्रातली सगळी शब्दकोडी सोडवली. शेवटी तिलाच संकोच वाटायला लागला, आणि मीही म्हटलं, उगाच सरकारला भुर्दंड कशाला. आम्ही एकमेकांना नमस्कार करून मोकळे झालो. त्या दिवशी बाईसाहेब मला एवढंच म्हणाल्या की तुम्ही तिला माझ्यासाठी ठेवलं होतं की चहासाठी. मी ते हसण्यावारी नेलं.

वर्ष संपलं तसा मी इस्त्रीचा सदरा घालून निधीच्या कचेरीत गेलो. सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे टाचलेल्या, वर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर माझ्या हाताने ठळक अक्षरात नाव. खरं सांगतो, कौतुकाची अपेक्षा होती. मंजूर निधीतला जेमतेम चौथा हिस्सा वापरून बाकीचा जसाच्या तसा परत करणारा माणूस त्यांना रोज थोडाच भेटत असेल. खिडकीमागच्या बाईंनी पडद्यावर पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत पडद्यावर. म्हणाल्या, पुढच्या वर्षी तुम्हाला आठवड्याला चार तास मिळतील. मला वाटलं, त्या चौदा म्हणाल्या. नव्हत्या म्हणाल्या. मी त्यांना अर्धा तास समजावलं की अहो बाई, मी वाचवलंय, उधळलेलं नाही, त्याचं हे बक्षीस का. माझ्यामागच्या रांगेतल्या लोकांनीही मग आपापली मतं दिली. शेवटी त्या बाई खुर्चीतून पुढे वाकल्या आणि अगदी आपल्या माणसासारख्या म्हणाल्या, "आजोबा, उरलं म्हणजे लागलं नाही. इथं तसंच वाचतात."

आता बघ गंमत. ज्या आठवड्यात पंधराचे चार झाले, त्याच आठवड्यात बाईसाहेबांना नोकरी लागली. नकाशे काढणाऱ्या कचेरीत, चांगली, कायमची. येत्या एक तारखेपासून सकाळी नऊला हजर व्हायचंय. म्हणजे साडेसहाला उठून तयार होणं आलं, रोज, आणि चार तास म्हणजे सोमवार-मंगळवारातच संपतात. मी म्हटलं, त्यात काय, मी आहे ना. (हे मी आयुष्यभर म्हणत आलोय आणि आजवर कोणाची तक्रार नव्हती.) मग कचेरीतून फेरविचाराचा अर्ज आला, अकरा पानी. मिळाल्याचं फोनवर कळवा असं त्यावर छापलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी फोनही लावला. पाऊण तास एकच धून ऐकली, मग एक मुलगा म्हणाला की अर्ज पोस्टाने येईल, आणि तो आदल्याच दिवशी आलेला होता. मी रीतसर भरायला बसलो. सातव्या पानावर विचारलं होतं, सध्या काळजी घेणाऱ्या कुटुंबीयाला कोणकोणत्या कामात अडचण येते. मी वळणदार अक्षरात लिहिलं, एकाही नाही.

ते पान बाईसाहेबांनी वाचलं, आणि चिंगे, मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर परवडलं असतं. तिने पान टेबलावर ठेवलं, त्यावरून हात फिरवून ते सपाट केलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही मला उचलता तेव्हा तुमचा श्वास अडकतो, आणि तो सुटेपर्यंत मी माझा धरून बसते. रोज सकाळी. मला कामावर असं जायचं नाही."

मी विचारलं, मग कसं जायचंय.

"मदतनीस बाईच्या मदतीने. वडील मला संध्याकाळी हवेत, दिवसभराचं सांगायला."

त्यावर मी उठून चाकाला तेल घालायला गेलो. चाकाला तेलाची गरज नव्हती.

तर असं सगळं आहे. त्या निधीला आधार का म्हणतात हे मला कळत नाही. ज्याला उभं राहता येतं त्यानेच पेलावं असलं ते प्रकरण आहे. गुडघ्याला शेक दे, जिने चढू नकोस.

तुझा,
दादा

ता. क. कचेरीबद्दल वर जे तावातावाने लिहिलंय त्यातलं निम्मं सोडून दे. त्या खिडकीतल्या बाईंनीच फेरविचार मागता येतो हे सांगितलं, आणि माझ्या पुठ्ठ्यावरचं अक्षर त्यांना आवडलं.

ता. क. दुसरा. आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते लिहितो. अर्जासोबत अशा एका नातेवाइकाचं निवेदन लागतं, जो घरात राहत नाही पण ज्याने घर जवळून पाहिलंय. तू मागच्या खेपेला तीन आठवडे राहून गेलीस. न्हाणीघराच्या दारात मी तिला हातावर घेऊन भिंतीला टेकलो आणि हळूहळू दोघंही जमिनीवर आलो, ते तू पाहिलंस. तेव्हा मी तुला सांगितलं की आम्हाला तिथेच बसायचं होतं. बसायचं नव्हतं. तू म्हणालीस, दादा, आता पुरे, आणि मी तुझ्यावर डाफरलो. ते सगळं लिही, तारखेसकट, माझ्या डाफरण्यासकट. लहानपणी माझी प्रत्येक खोडी आईला सांगायची तुला फार हौस होती, समज ती परत आली आहे. मी स्वतः ते लिहायला तीन वेळा बसलो. अक्षर छान येतं, वाक्य येत नाही.

ता. क. तिसरा, भाचीच्या हाताने. आत्या, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलंय म्हणून चार ओळी. आमचा अबोला वगैरे काही नाही, आम्ही रोज भांडतोय. तू पाहिलंस तसं "बसणं" तू गेल्यावर आणखी चार वेळा झालं. शेवटच्या वेळी आम्ही पाऊण तास फरशीवर होतो. उठवायला कोणी येईपर्यंत बाबांनी मला मशीनचं शटल कसं काढायचं ते तोंडी शिकवलं, आणि मी घाबरले नाही असं त्यांना वाटलं. ते चार मी लिहिते, तू फक्त तुझं लिही. त्यांना बरं वाटावं म्हणून काही गोड करू नकोस. ते वाचतील, दोन दिवस रुसतील, ते माझं मी बघेन. निवेदन वीस तारखेच्या आत पोचायला हवं. तेव्हा आत्या, गुडघा वर घेऊन बस आणि आजच लिही.