बाबा घरी यायच्या आत

दादा,

आपल्या घराचं तिसरं गिऱ्हाईकही हातचं गेलं. नवा रंग दाखवायचं सोडून बाबांनी कपाट सरकवलं आणि मागची ओल आपण कमी खर्चात कशी थोपवली, ते साग्रसंगीत सांगितलं. बाईंनी घर नाकारलं, पण स्वतःचा गळका नळ दुरुस्त करायला बाबांना घेऊन निघाल्या. मीही सोबत जातेय.

पाच वाजता दुसरे लोक येतील. हेही फिसकटलं तर तुझ्या नव्या घराचं बोलणं मोडेल, म्हणून तूच दाखव. ओलीबद्दल विचारलं तर खरं सांग, फक्त बाबांसारखं अभिमानाने नको. स्वयंपाकघराच्या दाराला टेकू नकोस, रंग ओला आहे.

बाबा लवकर परततील ही भीती नको. नळ झाला की त्यांना तुमची तुंबलेली मोरी दाखवा, असं मी बाईंना सांगून ठेवलंय.

धाकटी