पानाच्या पोटातले पासवर्ड

९ फेब्रुवारी २००९, गुलबर्गा
दवाखान्याची वेबसाइट आजपासून माझ्याकडं. आधीचा मुलगा नोकरी सोडून बेंगळूरला गेला, त्याचं राहिलेलं काम मी पुरं करायचं. पेशंटला रिपोर्ट घरबसल्या दिसणार. सोमवारी उद्घाटन.
पानाचा कोड उघडला अन् हात थांबला. सगळ्या डॉक्टरांचे पासवर्ड तिथंच, साध्या अक्षरांत. राइट क्लिक करून 'व्ह्यू सोर्स' म्हणलं की कुणालाही दिसणार.

१० फेब्रु.
आमच्या कंपनीच्या साहेबांना सांगितलं. "सविता, कोण बघायलंय ते? उद्घाटनानंतर कर."
 पण माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या राजेश्वर गावच्या बायका त्याच दवाखान्यात येतात. एखादीला टी.बी. आहे एवढं कळलं तरी गावात...

१२ फेब्रु.
साहेबांबरोबर दवाखान्यात गेलो. साहेब मोठ्या डॉक्टरीणबाईंना साइट दाखवायलेत, सगळं झकास. न राहवून मीच मधी बोलले.
"मॅडम, उद्घाटन पुढं ढकला. इथं राइट क्लिक करून सोर्स बघा."
त्यांनी केलं. वाचत खाली गेल्या अन् पटकन पडद्यावर हात ठेवला. त्यांच्या लेकीचं नाव होतं, तोच पासवर्ड.
"हे आज कामून सांगायलीस?"
साहेबांकडं बघितलं न्हाई. म्हणलं, "तुम्ही आज भेटलात."
सोमवार रद्द. 

१८ फेब्रु.
झालं! पानात आता एकही पासवर्ड न्हाई. पासवर्डची तपासणी सर्व्हरवर, बाहेरच्याला दिसत न्हाई अशा ठिकाणी. तिथंही मूळ शब्द ठेवला न्हाई, त्याचा असा चुरा केलाय की परत जुळवता येत न्हाई. जुने पासवर्ड सगळ्यांना बदलायला लावले.
गावाकडं अप्पाला फोन. "म्हंजे केलीस काय गं?"
"एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला दिसणार न्हाई, असं केलं."
 अप्पा आईला ओरडून, "ऐकलीस का, आपल्या सवीनं अख्खा दवाखाना थांबवला!"
फोन ठेवला तरी हसू आवरेना.

२५ फेब्रु.
उद्घाटन. भाषणात माझं नाव न्हाई. चालतंय. एका बाईनं स्वतःचा रिपोर्ट उघडला, वाचला, बंद केला. शेजारची वाकून बघायली होती, तिला काही दिसलं न्हाई. मी मागं उभी, ताठ.
चहाच्या वेळी साहेब हळूच जवळ आले. "सविता, त्या कॉलेजच्या निकालाची साइट... तीबी त्याच बेंगळूरला गेलेल्या पोरानं केलती."
"चालू हाय?"
"व्हय. उद्या बघ."
उद्या कामून? ऑफिसात येऊन कॉलेजच्या त्या पानाचा कोड उघडून बसलेय.