नांदेड ते दिब्रुगड, तीन तास

मंगळवार, दिवेलागण. ढाणकी.

आमची सोनू आसामात दिब्रुगडले नर्सच्या नोकरीवर चालली. सकाळी ह्यांनी तिले नांदेडच्या विमानतळावर सोडलं. जाणाऱ्याले कुठून, कसं विचारू नये म्हणून मी काही विचारलं नाही. हातावर दही ठेवलं. पोरगी पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, हेही ठरवलं. माय तेच करे.

मंग मोबाइलवर दोन विमानतळांमधलं अंतर पाह्यलं. दोन हजार किलोमीटर, उडायचे तीन तास. म्हटलं, दुपारपर्यंत पोचलीच. फोन बंद लागला, तर वाटलं सामान घेत असन. सारं घर झाडलं अन् केर अंगणाच्या कोपऱ्यात लोटला.

नांदेडातली कामं उरकून हे आत्ता आले.

"पोचली ना सोनू?" मी दारातच विचारलं.

"इतक्यात कायची पोचते? थेट विमान नाही तिकडं. हैदराबादहून फोन आलता तिचा. मधात दोनदा बदलाचं हाय. आता शेवटच्या विमानात असन."

म्हणजे ते तीन तास नुसते सरळ रेघेचे. मी केर काढला तवा पोरगी वाटेवरच होती. अजूनही वर हाय, अंधारात. हे सारं खूळ हाय, समजते मले. तरी परत परत फोन लावून राह्यली.

फोन अजून बंदच.

हे हातपाय धुवायले गेले, तवा मी अंगणातला केर सुपलीत भरला अन् परत घरात आणून पसरला.