दोन फूट उंच रस्ता

१७ एप्रिल

रस्त्याचं सोलिंग झालं! फाटकापासून ओट्यापर्यंत, नव्वद फूट लांब, मोठे दगड, हाताने रचलेले, फटींत खडी ठोकलेली. ठेकेदार जितेश म्हणाला, "मॅडम, हत्ती चालवा. हलला तर नाव बदलेन."

दोन फूट उंच हवा हा हट्ट माझा. बेलवलीच्या जुन्या घरात, तळमजल्यावर, पुराचं पाणी गाद्यांपर्यंत आलेलं विसरले नाही. इथे सोनिवलीत तरी कोरड्या पायांनी घरी यायचंय. नवरा, राजेंद्र, हसतो — "घर बांधतेस की किल्ला?" हसू दे.

२१ एप्रिल

मुरूम एकदम ओतायचा नसतो. सहा इंचांचा थर, पाणी, रोलर, मग पुढचा थर. मधे किंचित उंच, दोन्ही कडांना उतार. कुणालाच घाई नाही, हे मला फार आवडलं. संध्याकाळी अनवाणी चालून आले. मुरूम अजून उबदार होता. आपण इथे राहणार — पहिल्यांदाच खरं वाटलं.

२३ एप्रिल

शेजारच्या भातशेतातल्या काशीमावशी आल्या. सत्तरीच्या, ताठ. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला.

"बेस झाला गो. पन पानी कुठशी जावाचा?"

उतार दिलाय, म्हटलं. जितेशने हळूच विचारलं, खालून पाइप टाकू का? नको! भोक ठेवलं की पाणी घराकडे येणारच. मावशी शेताकडे वळल्या.

१६ जून

तीन दिवस धो धो. रस्त्याचा एक खडा हलला नाही! उगाच दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले.

१७ जून

काय करून बसले मी!

मागच्या खिडकीतून पाहिलं. मावशींचं शेत वरच्या अंगाला, नाला खालच्या, आणि मधे माझा रस्ता. नाल्याकडे जाणारं सगळं पाणी अडलंय. पालापाचोळ्याचा राब भाजून पेरलेला रोपांचा तुकडा पाण्याखाली. मावशी पोटऱ्यांएवढ्या पाण्यात कुदळ घेऊन उभ्या.

"रस्ता नाय केलास गो, धरन बांधलास."

किती दिवस टिकेल बी, मी विचारलं.

"आजून दोन दिस. मंग कुजल." वर्षाचा तांदूळ त्यांचा. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१८ जून

जितेश फोनवर — "मॅडम, आता कापला तर रस्ता गेला समजा. दिवाळीनंतर बघू ना." राजेंद्रने माझ्याकडे पाहिलं. काप, म्हटलं. त्याने अंबरनाथच्या कारखान्यात रजा कळवली आणि पहार उचलली. मी घमेली वाहिली. एवढे दाबून बसवलेले थर — निघता निघेनात. किती चांगला झाला होता!

खणायची जागा मावशींनी दाखवली. "तितं नाय, इतं. पानी इथशीच जातं, माज्या सासऱ्यापासून."

दुपारी जितेश स्वतःच टेम्पोत सिमेंटचे दोन पाइप घेऊन हजर! "आता बोलू नका मॅडम. तेव्हाच जोर करायला पाहिजे होता मी." संध्याकाळी पाणी नाल्याकडे धावलं. घराच्या बाजूला थेंबही नाही.

१९ जून

शेत उघडं झालं. नुसता चिखल. बी वाचलं का कळत नाही.

२५ जून

हिरवं! खालची बाजू कुजली, वरची उगवली. "आर्धा हाय," मावशी म्हणाल्या. "बाकीची रोपा भावाकडशी आनीन." मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "च्या टाक."

२० जुलै

मावशींच्या शेतात लावणीला गेले. कंबर मोडली. "रोपा लावतंस का खिळं ठोकतंस?" — मावशींचं ऐकून सगळ्या बायका हसल्या, मीही. येताना पाहिलं, कापलेल्या जागी मुरूम थोडा खचलाय. दिवाळीनंतर नवा थर देऊ. रस्ता एकदा करून संपत नाही, दर वर्षी थोडा करावा लागतो. चालेल.

२८ नोव्हेंबर

मावशींच्या मुलांच्या वाटणीसाठी आज मोजणी झाली. खुणेचा खुंटा आमच्या रस्त्यापलीकडे ठोकला. फाटकाजवळचा चाळीस फूट रस्ता मावशींच्या जमिनीत! प्लॉट विकणाऱ्याने "इथून रस्ता" म्हणून हात दाखवला होता, आम्ही मान डोलावली होती. धावतच गेले. मावशी, तुम्हाला माहीत होतं?

"मंग? जमीन माजी, मना नाय म्हाईत?"

मग बोलला का नाहीत?

"तवाच बोलले असते तं तू आली असतीस काय राहाला?"